उरलेल्या रंगांचे डोमाजी

डोमाजी गेल्याची बातमी ज्यांनी मला कळवली, ते गृहस्थ डोमाजींशी गेली कित्येक वर्षं एक शब्दही बोललेले नव्हते. मी धंतोलीत एका वकिलांकडे मुन्शी आहे. दुपारी पक्षकारांची दाटी असताना त्या गृहस्थांचा, म्हणजे अण्णाजींचा, गडी दारात येऊन उभा राहिला, त्यानं पंच्यानं तोंड पुसलं आणि म्हणाला, "शेठजीनं सांगतलं, समोरच्याचा साळा वकिलाकडे आहे, त्याले घेऊन ये." समोरच्याचं काय झालं ते शेठजींनी सांगितलं नव्हतं आणि गड्याला सांगवत नव्हतं. बाहेर अण्णाजींची स्वतःची दमणी उभी होती. लग्नकार्याखेरीज ही दमणी घराबाहेर निघत नसे, आणि निघाली तर बैलांच्या पाठीवर झूल असे. आज झूल नव्हती... मी टोपी घेतली आणि जाऊन बसलो.

डोमाजी माझे भाऊजी, थोरल्या बहिणीचे यजमान. इतवारीकडच्या आमच्या कोष्ट्यांच्या गल्लीत त्यांचा सूत रंगवण्याचा धंदा होता. या पुरवणीच्या वाचकांपैकी कोणी त्यांचं नाव ऐकलं असेल असं मला वाटत नाही. ते चित्रं काढत, आणि ती चित्रं अशी की चितार ओळीतल्या गणपती करणाऱ्या चिताऱ्यांनीही त्यांना कधी आपल्यात धरलं नाही. त्यांत माणूस नसे, झाड नसे, देव नसे. नुसते रंग असत, एकमेकांना टेकलेले, एकमेकांवर रुसलेले. गल्लीत या चित्रांचा उपयोग मात्र भरपूर होता. कोणाच्या लोणच्याच्या बरणीला ती बांधलेली असत, कोणाच्या ट्रंकेच्या तळाशी पसरलेली, आणि उन्हाळ्यात धूळ येऊ नये म्हणून कितीतरी खिडक्यांना लावलेली. भाऊजींना याचं वाईट वाटत नसे. बरणी उघडताना बाई रोज पाहते तर खरी, असं ते म्हणत.

त्यांची पद्धत मी अनेकदा जवळून पाहिली आहे आणि एक शहाणा माणूस म्हणून मला ती कधीच पटली नाही. संध्याकाळी काम संपलं की हंड्यांच्या तळाशी थोडाथोडा रंग उरे. दुसरे रंगारी तो नालीत ओतून मोकळे होत. भाऊजींना ते सोसत नसे. सुताचे गठ्ठे ज्या जाड कागदात बांधून येत, तो कागद ते अंगणात पसरत, ताण्याला खळ लावायचा एक झिजलेला कुंचा घेत आणि कागदासमोर उकिडवे बसत. काय काढायचं ते ठरलेलं नसे. बसून राहत, बसून राहत... आणि मग एकदम हात चाले. हात थांबला की चित्र झालं. कधी हात चालतच नसे आणि रंग हंडीत वाळून जाई. त्या दिवशी ते जेवायला उशिरा येत आणि एक भाकर कमी खात. चित्रासाठी म्हणून वेगळा रंग कालवायचा नाही, हा त्यांचा एकच नियम. त्यामुळे चित्रात कोणते रंग येणार हे गल्लीत कोणती लुगडी मागावर आहेत यावर ठरे. लग्नसराईत सगळी चित्रं लाल आणि पिवळी. संक्रांतीच्या आधी काळ्याशिवाय दुसरं काही नाही.

माझं सगळं आयुष्य साक्षीपुराव्यात गेलेलं. एखादा कागद समोर आला की यावरून सिद्ध काय होतं, हाच प्रश्न मला आधी सुचतो, आणि तो मी त्यांना प्रत्येक चित्राला विचारला. त्यांचं उत्तरही ठरलेलं होतं. "मुन्शीजी, तुम्ही काहून एवढे पाहून राहिले? जरा त्याले पाहू द्या ना." म्हणजे चित्रानं आपल्याकडे पाहायचं आणि आपण गप्प बसायचं, अशी त्यांच्याकडची व्यवस्था होती. आमच्या कोर्टात हे चालत नाही, असं मी त्यांना सांगत असे.

ताईचं आणि त्यांचं लग्न आमच्या मायनं ठरवलं. आम्ही मूळ उमरेडचे. बाप मागावर बसे आणि माय रहाटावर कांड्या भरी. स्थळ पाहायला भाऊजी आले तेव्हा कोपरापर्यंत त्यांचे हात निळे होते; घासूनही तो रंग निघाला नव्हता. बापानं नाक मुरडलं. मायनं मात्र ते हात बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, हा माणूस काय करते ते लपवत नाही, देऊन टाका पोरगी. माय अशीच होती. बोलणं कमी आणि निकाल झटपट. नेहमी एकाच रंगाचं लुगडं नेसायची, सुकलेल्या चिंचेच्या रंगाचं. रागावली की बोलत नसे. पदर कमरेला खोचायची, डावा खांदा वर उचलायची आणि मान त्या खांद्याकडे कलती करून रहाट जोरानं फिरवायची. तो खांदा खाली आला की घरातली सगळी श्वास सोडत.

ताईच्या लग्नानंतर काही वर्षांनी तापाच्या साथीत माय गेली. तिचा फोटो नव्हता. रामटेकच्या जत्रेत एकदा फोटो काढण्याचा योग आला होता. बाप केस विंचरून खुर्चीवर बसलाही होता. पण फोटोवाल्यानं डोक्यावर काळं कापड ओढलेलं पाहून माय तडक उठली. जो माणूस सोताच तोंड लपवते, त्याच्यासमोर मी काहून तोंड दाखवू, असं म्हणून ती गड चढायला लागली. तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. माय गेल्यावर ते हसू ताईला फार जड गेलं. मला अजून कधीकधी माय जशीच्या तशी दिसे, पण ताईच्या डोळ्यांसमोरून तिचं तोंड हळूहळू पुसत चाललं होतं. एकदा तिनं मला घाबरून विचारलं, मायच्या भुवया कशा होत्या रे बाबू... आणि मलाही नीट सांगता आलं नाही.

तेव्हापासून ताईनं नवऱ्याच्या मागं एकच धोशा लावला. तुम्ही एवढे कागद रंगवता, मग एकदा माझी माय काढा. भाऊजी लगेच हो म्हणाले, आणि इथून त्यांच्या संसारातलं खरं युद्ध सुरू झालं. दर थोड्या दिवसांनी ते एक कागद घेऊन स्वयंपाकघरात येत आणि चुलीजवळ धरून उभे राहत. ताई पोळी लाटता लाटता मान वर करी आणि निकाल देई. त्या बाबतीत ती मायचीच लेक. हे वांग्याचं भरीत होय. ही पऱ्हाटी होय, तीही रोग पडलेली. हे काय आहे ते मले माहीत नाही, पण गल्लीतल्या लेकरांपुढे धरू नोका. भाऊजी कागद घेऊन मुकाट्यानं परत अंगणात जात.

एकदा त्यांनी हट्टानं कोळसा घेतला आणि नाक, डोळे, कान असं रीतसर तोंड काढायला बसले. सासूबाईंना त्यांनी चांगलं पाहिलेलं होतं, प्रेमानं पाहिलेलं होतं. तासाभरानं कागदावर जे उमटलं ते आमच्या गल्लीच्या नाक्यावरच्या हवालदाराचं तोंड होतं, मिशीसकट. मिशी आपण कधी काढली हे त्यांनाच कळलं नाही. नवराबायको दोघंही त्या कागदाला इतकी घाबरली की तो चुलीत घालताना ताईनं हात जोडले.

त्यानंतर जरा हवापालट म्हणून ताई त्यांना रामटेकला घेऊन गेली. रामाच्या पायाशी बसून तरी माणसाला सरळ काही सुचेल, अशी तिची आशा. परत आल्यावर त्यांनी एक मोठा कागद रंगवला, खालून वरपर्यंत भाजका तांबडा आणि मध्ये कुठंतरी मळकट पांढरा. ताईनं विचारलं की यात गड कुठं आहे, देऊळ कुठं आहे आणि राम कुठं आहे. भाऊजी म्हणाले, राम वर होता, मी पायऱ्यांवरच दमलो. खरं सांगायचं तर ते चित्र पाहून माझ्याही तळपायांना चटके बसले होते, पण हे मी तेव्हा मान्य केलं नाही. पुरावा म्हणून चटका कोणी दाखल करून घेत नाही.

आता बडग्याची गोष्ट. नागपूरच्या बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते. गावातली रोगराई, इडापिडा आपल्या अंगावर घेऊन जाणारी मोठी बाहुली. तिच्या मागून गल्लोगल्लीचे बडगे निघतात, बांबूचे आणि तणसाचे, म्हणजे पेंढ्याचे, पुरुष. त्या साली गल्लीचा ज्याच्यावर राग असेल त्याचं सोंग बडग्याला देतात, घरोघरच्या बाया आपापली दुखणी त्याच्या नावानं करतात, आणि ‘घेऊन जाय गे मारबत’ असा ओरडा करत सगळ्यांना गावाबाहेर नेऊन जाळतात. रामटेकच्या त्या वर्षी आमच्या गल्लीत बडग्या कोणाचा करावा यावरून गोष्ट हातघाईवर आली होती. कोणाला पाणी न देणाऱ्या नळाचा करायचा होता, कोणाला तापाचा. काही पोट्ट्यांना, नाव न घेता, अण्णाजींचाच करायचा होता. अण्णाजी सुताचे व्यापारी, भाऊजींच्या समोरच राहणारे, पोटानं आणि आवाजानं मोठे. त्या साली त्यांनी विणकरांना जाड सूत दिलं म्हणून गल्ली फणफणत होती. शेवटी भाऊजी मध्ये पडले. कोणाचाच नोको, तोंडच काढत नाही मी, रंगवून देतो फक्त, म्हणजे कोणाले लागणार नाही... सगळ्यांना ही तोड पसंत पडली. अण्णाजींनी तर त्यांना बोलावून चहा पाजला.

सणाच्या तोंडावर रंगाईचं काम भरपूर असतं, त्यामुळे त्या संध्याकाळी अंगणात जितक्या हंड्या होत्या तितके रंग उरलेले होते. त्यांत एका हंडीत चिंचेच्या रंगाचा तळ होता. उमरेडकडच्या एका म्हातारीनं हट्टानं जुन्या तऱ्हेचं लुगडं विणायला टाकलं होतं. तो रंग आता कोणी मागत नसे आणि भाऊजींनीही तो कैक वर्षांत कालवला नव्हता. बडग्याच्या अंगावर सुताच्या गठ्ठ्याचे कागद खळीनं चिकटवलेले होते. भाऊजी त्याच्यासमोर उकिडवे बसले. गल्ली भोवती उभी होती आणि मीही होतो. बराच वेळ काही झालं नाही. मग हात चालला तो असा चालला की पोट्ट्यांना हंड्या पुढं करताना धाप लागली. हात थांबला तेव्हा भाऊजी उठले, कुंचा धुतला आणि जेवायला गेले. त्या दिवशी ते पोटभर जेवले असं ताई सांगते.

सकाळी बडग्या उचलला आणि गल्लीतून चालायला लागला. पहिल्यांदा अण्णाजी आपल्या ओट्यावरून ओरडले. बडग्याच्या पोटावर एका बाजूनं पिवळा रंग असा काही ओघळून फुगला होता की, हा मीच होय, असं त्यांनी सगळ्यांदेखत कबूल केलं. ते म्हणाले म्हणून लोकांनी पाहिलं, आणि लोकांनाही ते दिसलं. तेवढ्यात शाळेचे मास्तर पुढं आले; कपाळावरची ती लाल तिरपी रेघ म्हणजे आपलं गंध, ही मस्करी कोणी केली, असं विचारत. नाक्यावर बंदोबस्ताला उभा असलेला हवालदारही त्यात स्वतःला ओळखून बसला, पण तो खूश झाला आणि बडग्याच्या पुढं चालून वाट मोकळी करू लागला. ज्याच्या त्याच्या दारापुढं बडग्या आला की ज्याचं त्याचं तोंड उतरत होतं. मला त्यात, वकिलांचं ऐकताना एका बाजूला ताठ धरलेली एक मान दिसली. तो विषय मी आजवर कोणाजवळ काढलेला नाही.

ताई कणीक मळत होती. गलका ऐकून तशाच हातांनी ओट्यावर आली. बडग्या तिच्या पातळीला आला आणि ती पाहतच राहिली. पिवळ्याच्या वर, छातीच्या डाव्या बाजूला चिंचेचा तो रंग वर उचललेला होता, आणि त्याच्याकडे कलून एक काळपट वळण थांबलेलं होतं. नाक नव्हतं, डोळे नव्हते. ताई ओट्यावरून उतरली, सरळ गर्दीत शिरली आणि कणकेचा हात बडग्याच्या छातीवर ठेवला.

"थांबा गा," ती म्हणाली. "ही माही माय होय. कोणाच्या मायले जाळाले नेऊन राहिले तुम्ही?"

डफडं थांबलं. मागून दुसऱ्या गल्ल्यांचे बडगे येऊन आमच्या बडग्याला खेटू लागले आणि त्यांची डफडी जागच्या जागी वाजत राहिली. मी पाहिलं... आणि मायचा तो खांदा मलाही दिसला. ती रागावलेली होती. आता गल्लीपुढं मोठाच पेच पडला. घराबाहेर निघालेला बडग्या परत आणत नाहीत. सगळ्यांची दुखणी त्याच्या अंगावर होती. मास्तर म्हणाले की शास्त्राला हे धरून नाही. समोरून अण्णाजी ओरडत होते, मले जाळा, आत्ताच्या आत्ता जाळा, मी उघड्यावर किती वेळ उभा राहू. आणि ताई हात काढायला तयार नव्हती. मी भाऊजींना बाजूला घेतलं. आता तुम्हाला जमलंच आहे, तर हा जाऊ द्या आणि घरी कागदावर दुसरी काढून द्या, अशी तोड मी सुचवली. भाऊजींचा चेहरा पडलेला होता.

"मुन्शीजी," ते हळूच म्हणाले, "मले नाही माहीत मी थे कसं केलं."

मग ते आत गेले आणि कापड कापायची मोठी कातर घेऊन आले. ताईला म्हणाले, सरक वं जरा. बडग्याच्या गळ्यापासून पोटापर्यंतचा कागद त्यांनी एका तुकड्यात कापून काढला, कणकेच्या पाच बोटांसकट. आतलं तणीस भसकन रस्त्यावर आलं. पोट्ट्यांना तर ते फारच आवडलं. छातीचा पत्ता नसलेला बडग्या तणीस उडवत, दुप्पट ओरड्यानं गावाबाहेर गेला आणि झकास जळला. कागद ताईनं स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत, बसल्या जागेवरून दिसेल असा भिंतीला लावला. त्या दिवशी तिच्या पोळ्या करपल्या आणि सगळ्यांनी त्या खाल्ल्या.

पण गल्लीच्या हिशेबानं अर्धी इडापिडा गावातच राहिली होती, आणि ती कुठं राहिली हे सगळ्यांना ठाऊक होतं. कोणाचं दूध नासलं, कोणाचं पोरगं मॅट्रिकला आपटलं, कोणाच्या मागाचा दोरा सारखा तुटू लागला की बोट ताईच्या भिंतीकडे. बाया विस्तव मागायला येत त्या उंबऱ्याबाहेर थांबत. ताईनं त्याची फिकीर केली नाही. रोज दिवा लावताना ती त्या कागदाकडे एकदा पाही आणि कामाला लागे. भाऊजी तर उघड खूश होते. चित्र लावल्यावर कोणाला काहीतरी झालं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि इथं अख्ख्या गल्लीला होत होतं.

खरे दुखावले ते अण्णाजी. त्यांचा राग चित्र काढल्याचा नव्हता. जाळलं असतं तर मी एका दिवसात मोकळा झालो असतो, असं ते ज्याला त्याला सांगत, पण यायनं मले कापून घरात टांगून ठेवलं. त्यांनी भाऊजींच्या घरी पाऊल टाकणं बंद केलं आणि बोलणंही बंद केलं. आता अडचण अशी की गल्लीत सूत त्यांचं आणि रंग भाऊजींचा; बोलल्याशिवाय एक लडी पुढं सरकत नव्हती. अण्णाजींची गाय दोन्ही घरांच्या मध्ये, नालीच्या काठी खुंट्याला बांधलेली असे. अण्णाजी तिच्याजवळ येऊन उभे राहत आणि तिला म्हणत, सांगून दे त्याले, लाल उतरून राहिला, गिऱ्हाईक बोंबलते. भाऊजी अंगणातून गाईला म्हणत, सांग त्यायले, लाल पक्का आहे, गिऱ्हाईकानं लुगडं सोड्यात उकळलं असंल. गाय रवंथ करत असे. या वाटेनं भाव ठरले, वायदे ठरले, अण्णाजींच्या मुलीच्या लग्नाचा शालूही याच वाटेनं रंगला. पुढं गाय म्हातारी होऊन मेली. दोघंही काही दिवस फार गोंधळलेले होते... मग एक दिवस अण्णाजी नुसत्या खुंट्याजवळ येऊन उभे राहिले आणि खुंट्याला म्हणाले, हिरवा पातळ पाठवला म्हणा. भाऊजींनी खुंट्याला उत्तर दिलं आणि गल्लीचा कारभार पूर्ववत चालू झाला. बोलणं संपताना भाऊजी दरवेळी एक वाक्य जोडत. म्हणा, एकदा येऊन पाहा. अण्णाजी मान फिरवून आत जात.

मी एकदा भाऊजींना म्हटलं की या हट्टी म्हाताऱ्याला काय बोलावता. ते म्हणाले, गल्लीत माझं चित्र खरं पाहिलं असंल तर तुमच्या बहिणीनं आणि त्या माणसानं. बाकीचे दुसऱ्या दिवशी विसरले, तो अजून रागावून आहे. माझ्या यादीत अण्णाजी फिर्यादी होते आणि भाऊजींच्या लेखी ते कदरदान निघाले.

परवाच्या लढाईच्या काळात परदेशी रंगाचे डबे मिळेनासे झाले. हंड्या पातळ झाल्या, उरणारा रंग तर पाण्यासारखा. त्याच सुमारास मुंबईकडचे एक चित्रकलेचे जाणकार नागपूरला आले होते, ते माझ्या वकिलांच्या ओळखीनं गल्लीत येऊन गेले. जुनी भडक चित्रं आणि नवी फिकट चित्रं शेजारी ठेवून ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले की वयाबरोबर तुमच्या मनात एक संयम आलेला दिसतो. भाऊजी म्हणाले, संयम नाही साहेब, जर्मन रंग आला नाही. जाणकार एवढे हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं, आणि जाताना लोणच्याच्या बरणीवरचं एक चित्र त्यांनी बरणीसकट मागून नेलं. भाऊजींना त्या आठवड्यात रोज दोन भाकरी जास्त लागल्या.

या आषाढात ते गेले. आजार असा नव्हताच. अंगणात उकिडवे बसले होते, हात चालला नाही, आणि मग ते भिंतीला टेकले. मी पोचलो तेव्हा हंडीतला रंग वाळलेला होता. तेरवीला फोटोची गरज पडली तेव्हा लक्षात आलं की मायसारखाच यांचाही फोटो नाही. पाहुणे कुजबुजू लागले. ताईनं पाट मांडला, त्यावर तो खळीचा झिजका कुंचा उभा ठेवला आणि त्याला हार घातला. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं, आणि विधी पुरा झाला.

पोळा जवळ आला तशी पोट्ट्यांनी बडग्यासाठी तणीस गोळा करायला सुरुवात केली, आणि त्याबरोबर जुनं बोलणंही वर आलं. आता काढणारा माणूस गेला, तर ती जुनी पीडा या वर्षीच्या बडग्याबरोबर लावून द्यावी, गल्ली एकदाची मोकळी होईल, असं मोठी माणसंही म्हणू लागली. ताईनं दुपारचं दार लावून घ्यायला सुरुवात केली. मी रोज कचेरी सुटल्यावर तिच्याकडे जाऊन बसत असे. ती सुपारी कातरी आणि तिचा डावा खांदा वर असे. अशाच एका संध्याकाळी दारावर काठी वाजली. दार उघडलं तर उंबऱ्यात अण्णाजी उभे. फार म्हातारे झाले आहेत. ते पोटही आता राहिलेलं नाही. ताई उठली आणि भिंतीला पाठ लावून कागदापुढं उभी राहिली.

"अण्णाजी, हे तेवढं मागू नोका," ती म्हणाली. "थे माही माय होय."

"मागत नाही वं," अण्णाजी म्हणाले. "पाहाले आलो. तो बोलवत होता."

ताई मग बाजूला झाली, सतरंजी ओढली आणि म्हणाली, "बसा मंग. जरा त्याले पाहू द्या."

अण्णाजी बसले. काठी मांडीवर आडवी घेतली. ताईनं चहा केला, तो निवला आणि त्यावर साय धरली, तरी ते उठेनात. मीही त्या दिवशी प्रथमच काही सिद्ध होण्याची वाट न पाहता बसून राहिलो. कणकेची पाच बोटं अजून तिथंच आहेत, आणि चिंचेचा तो खांदा. कडेच्या पिवळ्याकडे अण्णाजींनी मान कलती करून पाहिलं.

"एवढं पोट होतं काय गा माहं?" त्यांनी विचारलं.

"तवा होतं," ताई म्हणाली, आणि भाऊजी गेल्यानंतर ती पहिल्यांदाच हसली. हसता हसता तिला रडू आलं आणि आम्ही दोघं म्हातारे त्या कागदाकडे पाहत राहिलो.

पोळा परवाच झाला. बडग्या जळाला, कागद भिंतीवरच आहे, कारण त्या संध्याकाळनंतर अण्णाजींनी गल्लीत बजावून ठेवलं की त्यात मी आहे आणि मला विचारल्याशिवाय त्याला कोणी हात लावायचा नाही. त्या संध्याकाळी मी त्यांना सोडायला बाहेर आलो होतो. नालीपाशी ते सवयीनं थांबले. खुंटा आता निम्मा जमिनीत गेला आहे आणि त्याच्याभोवती गवत वाढलं आहे. अण्णाजी त्याच्यासमोर काठी टेकून उभे राहिले, घसा साफ केला, आणि मी शेजारी नसल्यासारखं खुंट्याला म्हणाले, "सांगून दे त्याले... रंग नाही उतरला."